निवळलेलं पाणी आणि शुद्ध पाणी



आषाढ लागला की सांगलीत कृष्णेचं पाणी दुधाच्या चहासारखं दिसायला लागतं आणि किराणा दुकानात तुरटीचे खडे पुढच्या बरणीत येऊन बसतात. दर पावसाळ्यात तुमच्यापैकी कुणी ना कुणी विचारतंच. तुरटी किती फिरवायची? चौक्याच्या पाण्याला चालते का? त्यापेक्षा निवळीचं बी बरं का? यंदा नुसतं हो-नाही न सांगता पाणी निवळण्याचा इतिहासच लिहायला घेतला. तो आपल्या स्वाध्यायाच्या ग्रंथांतूनही जातो, हे मलाही लिहिता लिहिता नव्याने जाणवलं.

सुरुवात निवळीपासून. संस्कृतात हिला कतक म्हणतात. झाड कुचल्याच्या कुळातलं, पण कुचल्याचं बी चपटं, बटणासारखं आणि विषारी; निवळीचं बी गोलसर आणि बिनविषारी. (काष्ठौषधीच्या दुकानातून आणताना जाणत्या माणसाकडूनच घ्या.) जुनी रीत अशी की मडक्याच्या आतल्या अंगाला हे बी घासायचं आणि मग गढूळ पाणी भरून ठेवायचं. सकाळपर्यंत गाळ तळाशी. सुश्रुतसंहितेत गढूळ पाणी स्वच्छ करणाऱ्या सात गोष्टी दिल्या आहेत. त्यांत कतक पहिलं आहे, कमळाचा कंद आहे, शेवाळाचं मूळ आहे, मोती-मणी आहेत आणि चक्क वस्त्रही आहे. मनुस्मृतीत तर कतकाचा उपयोग टोमणा मारायला केला आहे : नुसतं त्याचं नाव घेतल्याने पाणी निवळत नाही. म्हणजे त्या काळी ही गोष्ट घराघरांत इतकी माहीत होती की दृष्टांत म्हणून वापरली तर कुणाला समजावून सांगावी लागत नव्हती.

आपल्या आचार्यांनीही हाच दृष्टांत घेतला, पण किती बारकाईने ते पाहा. तत्त्वार्थसूत्राच्या दुसऱ्या अध्यायातलं पहिलंच सूत्र जीवाच्या पाच भावांचं आहे : औपशमिक, क्षायिक, मिश्र, औदयिक, पारिणामिक. पाठशाळेत आपण ही नावं घोकली. त्यावर पूज्यपाद आचार्यांनी सर्वार्थसिद्धीत जे लिहिलं ते एखाद्या स्वयंपाकघरात उभं राहून लिहिल्यासारखं आहे. गढूळ पाण्यात कतकासारखं द्रव्य घातलं की चिखल खाली बसतो, तो उपशम. तेच वरचं पाणी दुसऱ्या स्वच्छ भांड्यात ओतून घेतलं की चिखलाचा पूर्ण अभाव, तो क्षय. थोडा गेला आणि थोडा राहिला, तो मिश्र. पूज्यपादांचा काळ पाचव्या-सहाव्या शतकाचा, म्हणजे किमान १४०० वर्षांपूर्वीचं हे निरीक्षण.

पुढे दहाव्या शतकात नेमिचंद्र आचार्यांनी गोम्मटसारात गुणस्थानं सांगताना हाच धागा पुढे नेला. अकरावं उपशांतमोह गुणस्थान कतक घातलेल्या पाण्यासारखं, किंवा शरदातल्या तळ्यासारखं : वर नितळ, खाली गाळ. बारावं क्षीणमोह गुणस्थान स्फटिकाच्या भांड्यातल्या निर्मळ पाण्यासारखं. अकराव्यावरून जीव खाली येतो, बाराव्यावरून येत नाही. अकराव्यातला मोह दबलेला असतो, संपलेला नसतो. भांड्याला धक्का लागला की गाळ पुन्हा वर.

मला या दृष्टांतात धर्माइतकीच पाण्याची अक्कल दिसते. दिसायला दोन्ही पाणी सारखंच आहे. डोळ्याला फरक कळत नाही. फरक आहे तो चिखल आहे कुठे, यात.

आता चिखलाकडे येऊ, कारण आपल्या भागात तोच सगळा त्रास आहे. कृष्णा महाबळेश्वरहून निघते, कराडला कोयना तिला मिळते, सांगलीजवळ हरिपूरला वारणा. वाटेत दोन्ही काठांच्या काळ्या रानांतली माती पावसाबरोबर नदीत उतरते. काळ्या मातीचे कण अतिशय बारीक, आणि त्या प्रत्येक कणावर ऋण विद्युतभार असतो. सारखा भार असल्याने कण एकमेकांना दूर ढकलतात, जवळ येऊन जड होत नाहीत, म्हणून दिवसभर ठेवलं तरी पाणी पूर्ण बसत नाही. जुन्या साताऱ्यात कासचं पाणी येतं. कास हे डोंगरमाथ्यावरचं तळं. पाणी तळ्यात आधी मुक्काम करतं, जड गाळ तिथेच खाली राहतो, आणि मग ते उताराने शहरात येतं. माझं माहेर साताऱ्याचं, सासर सांगलीचं, त्यामुळे हा फरक मला लग्नानंतर हंड्यात दिसला. तिकडे तुरटी दाढीच्या सामानात असायची, इकडे ती पाण्याच्या ओट्यावर.

तुरटी काय करते? तिच्यातल्या ॲल्युमिनियमचा भार धन असतो. तो मातीच्या कणांवरचा ऋण भार मोडतो, आणि पाण्यातल्या क्षारांशी संयोग होऊन कापसासारखे चिकट पुंजके तयार होतात. या पुंजक्यांत माती अडकते, पुंजके वाढतात, जड होतात आणि खाली बसतात. म्हणून तुरटी फिरवायची रीत दोन टप्प्यांची आहे : आधी झपाझप, म्हणजे ती सगळीकडे पोहोचते, मग अगदी सावकाश, म्हणजे पुंजके जुळतात आणि तुटत नाहीत, मग हातही लावायचा नाही. जुन्या बायका हे बरोबर असंच करायच्या, फक्त त्याला कुणी शास्त्र म्हणत नव्हतं.

जलशुद्धीकरण केंद्रात हेच काम मोठ्या प्रमाणावर चालतं. रोज किती तुरटी घालायची हे तिथे जार टेस्टने ठरवतात. एका ओळीत सहा काचपात्रं, प्रत्येकात एक लिटर कच्चं पाणी, प्रत्येकात तुरटीचं प्रमाण वेगळं. मिनिटभर जोरात ढवळायचं, मग पंधरा-वीस मिनिटं हळू, मग अर्धा तास स्थिर. ज्या पात्रात कमीत कमी तुरटीत पाणी चांगलं निवळलं, तो त्या दिवसाचा डोस. नदीचा रंग बदलला की पुन्हा चाचणी. साधारण लिटरला ५ ते ४० मिलिग्रॅम इतकीच तुरटी लागते. म्हणजे १५ लिटरच्या हंड्याला जास्तीत जास्त पाऊण ग्रॅमसुद्धा नाही! आणि आपल्याकडे कित्येक घरांत खडा हंड्यात टाकून ठेवतात. जास्त तुरटीने पाणी जास्त शुद्ध होत नाही. उलट कणांवर आता धन भार चढतो आणि ते पुन्हा एकमेकांना ढकलायला लागतात, शिवाय पाण्याला तुरट चव येते ती वेगळीच.

महाराष्ट्रातल्या अभियंत्यांनीही या विषयात आपलं डोकं चालवलं आहे. १९७०च्या दशकात जे. एन. कर्डिले यांनी लहान गावांना परवडतील अशी साधी शुद्धीकरण केंद्रं आखली. नागपूरजवळचं रामटेक, जळगाव जिल्ह्यातलं वरणगाव आणि नाशिक जिल्ह्यातलं चांदोरी ही त्यांची गाजलेली उदाहरणं. पुंजके जुळवायला यंत्राऐवजी खडीचा थर, आणि गाळणीत वाळूवर नारळाच्या करवंटीचे तुकडे. करवंटी! आपण ती बंबात घालत आलो.

आणि जगातल्या दुसऱ्या टोकाला हाच शोध बायकांकडून शिकून घेतला गेला. सुदानमध्ये नाईल नदीला पूर आला की काठावरच्या गावांतल्या बायका शेवग्याच्या कुळातल्या बियांची पूड करून, कापडाच्या पुरचुंडीत बांधून गढूळ पाण्यात फिरवत. सामिया अल अझारिया जान या शास्त्रज्ञ बाईंनी खार्टूममध्ये राहून त्या बायकांकडून ही रीत समजून घेतली, प्रयोगशाळेत तपासली आणि १९८०च्या दशकात जगापुढे मांडली. शेवग्याच्या बीमधलं प्रथिन धन भाराचं असतं, त्यामुळे ते तुरटीचंच काम करतं. अडचण एकच. बीमधले बाकीचे पदार्थ पाण्यात उरतात आणि ते पाणी दिवसापलीकडे टिकत नाही.

एवढं वाचल्यावर मला राहवेना. गेल्या श्रावणात हरिपूरच्या संगमावरून कॅनभर पाणी आणवलं आणि ओट्यावर लोणच्याच्या पाच काचेच्या बरण्या मांडल्या. पहिलीत काहीच नाही. दुसरीत तुरटीचे दोन वेढे. तिसरीत तुरटी भरपूर. चौथीत सहाणेवर उगाळलेली निवळी. पाचवीत शेवग्याच्या वाळक्या शेंगेतल्या दोन बिया सोलून, कुटून. सासूबाई म्हणाल्या, हे काय चाललंय ओट्यावर, आधी तो रिकामा कर. पण मग त्याच खुर्ची घेऊन बघत बसल्या.

दुसऱ्या बरणीत दहा मिनिटांत पुंजके दिसायला लागले आणि तासाभरात पलीकडचं कॅलेंडर वाचता येईल इतकं पाणी निवळलं. तिसरीत गाळ खाली येऊनही वर धुरकटपणा राहिला. शेवग्याची बरणी दोनेक तासांनी छान झाली, पण दुसऱ्या दिवशी तिला वास आला. निवळीने रात्रभर घेतली आणि सकाळी पाणी स्वच्छ, किंचित पिवळसर छटेचं. पहिली बरणी सकाळीही गढूळच होती. सासूबाईंनी निकाल दिला : दोन वेढ्यांची बरणी पहिली, निवळी दुसरी.

इथे थांबले असते तर ही तुरटीची जाहिरात झाली असती. पण माझ्याकडे एच-टू-एस चाचणीच्या दोन बाटल्या होत्या. गावोगावी पाणी तपासायला वापरतात त्याच. पाणी भरून ऊबदार जागी ठेवायचं. विष्ठेतून येणारे जंतू पाण्यात असतील तर एक-दोन दिवसांत बाटलीतलं पाणी काळं पडतं. पहिल्या नंबरच्या, सगळ्यांत नितळ बरणीतलं वरचं पाणी अलगद काढून मी एका बाटलीत भरलं. त्याच बरणीतलं थोडं पाणी खळखळून उकळून, झाकून गार करून दुसरीत. दुसऱ्या दिवशी पहिली बाटली काळी कुळकुळीत. दुसरी होती तशीच.

कॅलेंडर वाचता येणारं पाणी ते. सासूबाई त्या बाटलीकडे बघून म्हणाल्या, हे तर अकरावं गुणस्थान झालं. मी हसले, पण याहून नेमकं मलाही सांगता आलं नसतं.

हा फरक कळायला जगाला बराच काळ लागला. पटकीचा जंतू पाण्यातून पसरतो हे रॉबर्ट कॉख यांनी १८८४च्या सुमारास कलकत्त्यात दाखवून दिलं. पुढच्या दशकात आग्र्याला हँकिन नावाचे इंग्रज शास्त्रज्ञ विहिरींत पोटॅशियम परमँगनेट टाकायचा प्रचार करत होते. आजी-पणजीच्या बोलण्यातलं ‘विहिरीतलं लाल औषध’ ते हेच. १९०८ साली अमेरिकेत जर्सी सिटीच्या नळाच्या पाण्यात कायमस्वरूपी क्लोरीन सुरू झालं आणि ती पद्धत जगभर गेली. तुरटीचं काम यात संपत नाही, कारण गढूळ पाण्यात क्लोरीन टाकलं तर ते मातीतल्या घाणीवरच खर्ची पडतं आणि जंतू मातीच्या आड लपतात. आधी निवळणं, मग वरचं पाणी वेगळं करणं, गाळणं आणि शेवटी जंतुनाश, हा क्रम म्हणून ठरला. पूज्यपादांचं दुसरं भांडं इथे पुन्हा भेटतं.

मग आपलं गाळणं? ३६ अंगुळं लांब, २४ अंगुळं रुंद जाड वस्त्र, दोन पदरी करून. गाळलेलं पाणी एक मुहूर्त, म्हणजे ४८ मिनिटं. लवंग-हिरडा घालून प्रासुक केलेलं दोन प्रहर. उकळलेलं आठ प्रहर. जीवाणी जिथलं पाणी तिथेच, हळुवार. अलीकडे फॉरवर्ड येतात की आपल्या ऋषीमुनींना जंतू आधीच माहीत होते म्हणून हे नियम केले. मला ते पटत नाही, आणि त्याची गरजही वाटत नाही. आपलं गाळणं आपल्याला पाण्यातल्या जीवांपासून वाचवायला नव्हतंच. पाण्यातल्या जीवांना आपल्यापासून वाचवायला होतं.

तरीही त्याचा माणसांना फायदा झाला असावा, याला आता चांगला पुरावा आहे. रिटा कोलवेल आणि अन्वर हक यांनी बांगलादेशातल्या मतलब भागात ६५ गावांत प्रयोग केला. बायकांना जुनी, धुऊन मऊ झालेली सुती साडी चार पदरी करून तिच्यातून पाणी गाळायला शिकवलं. २००३ साली निकाल प्रसिद्ध झाला : पटकीचं प्रमाण ४८ टक्क्यांनी कमी. कारण पटकीचे जंतू पाण्यातल्या बारीक कवचवाल्या किड्यांना चिकटून राहतात. जंतू साडीतून निसटेल, किडा निसटत नाही. ते किडे म्हणजे आपल्या भाषेत त्रस जीव, ज्यांच्यासाठी आपण गाळतो तेच. पाच वर्षांनी शास्त्रज्ञ परत गेले तेव्हा ३१ टक्के बायका अजून पाणी गाळत होत्या.

पण ४८ टक्के म्हणजे निम्म्याहून कमी, आणि तेही पटकीपुरतं. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली ती आपल्यापैकी अनेकींना आठवत असेल. तिकडे आपली घरं किती आहेत! ती हिपॅटायटिस ई विषाणूची होती. हा विषाणू कापडाच्या छिद्रापेक्षा शेकडो पटींनी लहान आहे. गाळण्याने तो अडत नाही, तुरटीने तो जाईल याचा भरवसा नाही, आणि लवंग घालून तर मुळीच नाही. गरोदर बाईला हा आजार फार घातक असतो. म्हणून हे इतकं लांबण लावून लिहिते आहे.

आता चौक्याचा प्रश्न. मुनिमहाराजांच्या आहाराला बहुतेक ठिकाणी विहिरीचं पाणी लागतं. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी ४५ आहे. २०२१ मध्ये पुन्हा महापूर. पुराचं पाणी विहिरींत उतरतं आणि त्याबरोबर संडास-गटारांचंही. पूर ओसरल्यावर आठ-पंधरा दिवसांत विहीर वरून नितळ दिसते. तो शरदातल्या तळ्याचा नितळपणा आहे. तिथे टीसीएल टाकायला आपल्या काही घरांचा विरोध असतो : जीव मरतील. ही भावना मी थट्टेवारी नेणार नाही. पण श्रावकाला संकल्पी हिंसेचा त्याग सांगितला आहे. घर चालवताना होणारी आरंभी हिंसा गृहस्थाला पूर्ण सुटत नाही, ती यत्नाने कमी करायची असते. पूर येऊन गेलेली विहीर उपसून, टीसीएल टाकून, वास जाईपर्यंत पुन्हा उपसून घेणं हे मला त्या यत्नातच बसणारं वाटतं. टीसीएलचं प्रमाण हजार लिटरला अडीच ग्रॅम, टाकल्यावर किमान तासभर पाणी वापरायचं नाही. संघात त्यागी असतील तर त्यांना विचारूनच करा.

आणि ज्यांना ते नकोच असेल त्यांच्याकडे आपलाच नियम आहे : उकळणं. फक्त तो नीट पाळा. चौक्यात मी अनेकदा पाहिलं आहे, पाण्यातून वाफ दिसली की पातेलं खाली येतं. ते गरम पाणी झालं, उकळलेलं नव्हे. बुडबुडे खळाखळा येऊन किमान एक मिनिट गेलं पाहिजे. आधी तुरटी किंवा निवळी, मग वरचं पाणी दुसऱ्या भांड्यात, मग गाळणं, मग उकळी. ज्या भांड्यात गाळ बसला त्यातच तांब्या बुडवायचा नाही. उकळलेलं पाणी झाकून ठेवायचं आणि दांड्याच्या ओगराळ्याने घ्यायचं.

नळाचं पाणी असेल तर क्लोरीन शेवटच्या घरापर्यंत पोहोचतंय का, हे घरी बघता येतं. त्याला ओ.टी. टेस्ट म्हणतात. काचेच्या नळीत पाणी घेऊन औषधाचे थेंब टाकायचे. क्लोरीन असेल तर पाणी पिवळं होतं, लिटरला ०.२ मिलिग्रॅम तरी हवं. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडे ही नळी असते. शिवाय जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच बायकांना पाणी तपासायचं शिक्षण देऊन पेटी द्यायची तरतूद आहे. तुमच्या गावातल्या त्या पाच जणी कोण, हे विचारून घ्या. पेटी कपाटात पडून असेल तर पुढच्या महिला मंडळाच्या बैठकीला ती घेऊन यायला सांगा, आणि प्रत्येकीने आपापल्या घरचं तांब्याभर पाणी घेऊन जा.